अर्ज एकाचा, आयुष्य दोघांचं

लग्न करून अमेरिकेला जायचं म्हणजे आधी व्हिसा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो व्हिसा मागतो कोण, फाइल कोणाच्या हातात असते आणि ‘हो’ म्हणण्याआधी काय विचारायला हवं, हे मात्र साखरपुड्याच्या गडबडीत राहूनच जातं.

‘मुलगा अमेरिकेत असतो’ या वाक्याचं वजन मराठी घरांत अजून उतरलेलं नाही. ते कानावर पडलं की पुढचे प्रश्नच बंद होतात. पगार, घर, शिक्षण सगळं त्या एका वाक्यात आलं असं धरून आत्या-मावश्या पुढच्या तयारीला लागतात. आणि आता हे फक्त कांदेपोह्यांपुरतं राहिलेलं नाही. मास्टर्सला गेलेला क्लासमेट असतो, इन्स्टावर ओळख झालेली न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुलगी असते. कधी मुलगी अमेरिकन आणि मुलगा नाशिकचा, असं उलट चित्रही दिसतं. घरचे म्हणतात, ‘आता काय, लाइफ सेट!’ मित्र म्हणतात, ‘पार्टी कधी?’

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यायला हवी. लग्न झालं म्हणजे व्हिसा मिळाला, असं होत नाही. लग्नामुळे मिळतो तो फक्त अर्ज करण्याचा हक्क. आणि गंमत म्हणजे तो हक्कही जाणाऱ्याला मिळत नाही, बोलावणाऱ्याला मिळतो. सगळ्या प्रक्रियेची मेख इथेच आहे.

‘अमेरिकेत असतो’ म्हणजे नक्की काय?

या एका वाक्याचे किमान तीन वेगळे अर्थ निघतात आणि तिन्हींचं भविष्य वेगळं आहे.

पहिला अर्थ : तो किंवा ती अमेरिकेची नागरिक आहे. मग जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ म्हणजे अगदी जवळचं नातं या गटात मोडतो. या गटाला वर्षाला किती व्हिसे द्यायचे यावर मर्यादा नाही. कागद तपासायला वेळ लागतो, पण नंबर लागण्यासाठी वेगळी रांग नसते.

दुसरा अर्थ : ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. असा माणूसही नवऱ्याला किंवा बायकोला बोलावू शकतो, पण इथे वर्षाच्या व्हिशांचा कोटा ठरलेला असतो. या गटाला ‘एफ-२ ए’ म्हणतात. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’मधून जाहीर करतं. बोलावणारा मधल्या काळात नागरिक झाला, तर तोच अर्ज पहिल्या गटात सरकतो.

तिसरा अर्थ : तो एच-१बी व्हिसावर नोकरी करतोय. आपल्याकडच्या आयटीतल्या स्थळांमध्ये हा अर्थ फार वेळा निघतो आणि घोळही इथेच होतो. एच-१बी हा तात्पुरता वर्क व्हिसा आहे. त्याच्या आधारावर जोडीदाराला इमिग्रंट व्हिसासाठी स्पॉन्सर करताच येत नाही. जोडीदार जातो तो एच-४ या अवलंबिताच्या व्हिसावर, आणि त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५च्या नियमानुसार काही एच-४धारकांना वर्क परमिट मागता येतं, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीतल्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा एक ठरावीक टप्पा पार झालेला असावा लागतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत आणि भारतीयांची रांग त्यामुळे अनेक वर्षांची आहे. कम्प्युटर इंजिनीअर झालेल्या मुलीने ‘तिकडे गेल्यावर बघू नोकरीचं’ म्हणण्याआधी हे समजून घेतलेलं बरं.

थोडक्यात, ‘कुठे असतो?’ यापेक्षा ‘कशावर असतो?’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

फाइल कोणाच्या नावावर?

आता समजा, समोरची व्यक्ती नागरिक आहे आणि लग्न भारतात झालं. पहिला कागद म्हणजे फॉर्म ‘आय-१३०’. तो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे भरायचा. हा फॉर्म बोलावणारी व्यक्ती भरते. कायद्याच्या भाषेत ती ‘पिटिशनर’ आणि तुम्ही ‘बेनिफिशियरी’, म्हणजे लाभार्थी. सही तिची, खातं तिचं, पत्रव्यवहारही तिच्याशी.

फॉर्म मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. इथे तुमचा स्वतःचा फॉर्म येतो, ‘डीएस-२६०’. त्यासोबत जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पोलिस क्लिअरन्स, आणि बोलावणाऱ्याचे उत्पन्नाचे कागद. सगळं पूर्ण झालं की मुलाखतीची तारीख. लग्नाच्या आधारे मिळणाऱ्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत होतात. कोचीच्या नवऱ्यालाही त्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात यावं लागू शकतं.

या सगळ्याला किती वेळ? नागरिकाच्या जोडीदारालाही फक्त पहिल्या टप्प्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. ‘डिसेंबरमध्ये लग्न, उन्हाळ्यात अमेरिका’ हे गणित सहसा बसत नाही.

आणि या काळात एक गोष्ट कायम टांगती असते. ज्याने अर्ज केला तो अर्ज मागे घेऊ शकतो. जोडीदार व्हिसावर अमेरिकेत दाखल होईपर्यंत एका पत्रानिशी फाइल बंद होऊ शकते. त्यावर तुमची संमती कोणी विचारत नाही, कारण अर्ज तुमचा नव्हताच.

साखरपुडा झालाय पण लग्न अमेरिकेतच करायचंय, अशा जोडप्यांसाठी ‘के-१’ हा फियान्से व्हिसा आहे. तो फक्त नागरिकच मागू शकतो, ग्रीन कार्डवाला नाही. दोघं गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असावेत, अशी अट आहे. व्हिडिओ कॉलच्या भेटी यात धरत नाहीत. तिथे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं आणि मग ग्रीन कार्डचा अर्ज वेगळा करायचा.

‘त्यापेक्षा टुरिस्ट व्हिसावर जा, तिथेच लग्न कर आणि राहा’ असा सल्ला देणारे काका प्रत्येक समारंभात भेटतात. फिरायला चाललोय असं सांगून राहायच्या तयारीने जाणं म्हणजे व्हिसा अधिकाऱ्यापुढे खोटं बोलणं. ते सिद्ध झालं तर अमेरिकेचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. काकांचं काही जात नाही!

खर्च, आणि घटस्फोटानंतरही न सुटणारी सही

आता खर्च. एप्रिल २०२४च्या दरांनुसार आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. व्हिसा सेंटरला अर्जाचे ३२५ आणि उत्पन्नाचे कागद तपासण्याचे १२०. व्हिसा हातात आल्यावर ग्रीन कार्ड छापण्यासाठीची फी २३५. म्हणजे ऑनलाइन अर्ज धरला तरी १,३०५ डॉलर, वर मेडिकल तपासणी आणि मुंबईचा प्रवास-मुक्काम. फी बदलत असते, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी साइट उघडून पाहायची. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या तक्त्यावर जायचं नाही.

खरा मोठा कागद मात्र ‘आय-८६४’. यात बोलावणारा अमेरिकन सरकारला लिहून देतो की, या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, मी त्याला सांभाळीन. त्यासाठी त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या निकषाच्या १२५ टक्के तरी हवं. २०२५च्या निकषांनुसार दोघांच्या कुटुंबाला ही रक्कम वर्षाला साधारण २६,४३७ डॉलर होते. अलास्का आणि हवाई राज्यांत ती जास्त आहे. घरात आधीच मुलं किंवा इतर अवलंबित असतील तर आकडा वाढतो.

उत्पन्न कमी पडलं, उदाहरणार्थ बोलावणारी मुलगी अजून कॉलेजातच शिकतेय, तर दुसरा कोणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक ‘जॉइंट स्पॉन्सर’ म्हणून सही करू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. आपल्याकडे मग फिलाडेल्फियाच्या मामांना फोन जातो, ‘मामा, एक सही हवी होती...’

पण ही सही म्हणजे लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून केलेली सही नव्हे. हा सरकारशी केलेला करार आहे. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा सोशल सिक्युरिटीच्या हिशोबात कामाच्या ४० तिमाह्या (म्हणजे साधारण १० वर्षं) धरल्या जाईपर्यंत, किंवा ती अमेरिका कायमची सोडेपर्यंत तो चालू राहतो. दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला तरच तो त्याआधी संपतो. घटस्फोटाने तो संपत नाही. मामांना हे माहीत असायला हवं. आणि जाणाऱ्यालाही, कारण या कराराच्या आधारे तो स्पॉन्सरकडे कोर्टातून किमान पोटापाण्याचा खर्च मागू शकतो. ‘मी तुला इथे आणलं’ असं कोणी ऐकवलं, तर ‘आणताना काय लिहून दिलंस ते वाच’ असं म्हणण्याइतकी ताकद त्या कागदात आहे.

लग्न खरं आहे, हे दाखवा

कागदावरचं लग्न आणि खरं लग्न यांतला फरक ओळखणं हे व्हिसा अधिकाऱ्याचं काम. इमिग्रेशनसाठी खोटं लग्न करणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय एकदा तसा शिक्का बसला की पुढे खऱ्या लग्नावर केलेला अर्जही मंजूर होत नाही.

म्हणून पुरावे मागतात. एकत्र बँक खातं, घराचा भाडेकरार, विम्यात वारस म्हणून नाव, एकमेकांना भेटायला काढलेली तिकिटं, फोटो, चॅट. इथे आपली अडचण होते. लग्नानंतर तीन आठवड्यांत नवरा परत गेला, मुलगी आई-बाबांकडे. भाडेकरार कुठून आणणार? अशा वेळी वर्षभराचे कॉल लॉग, पुन्हा भेटायला आल्याचे बोर्डिंग पास, पाठवलेले पैसे, दोन्ही घरांसोबतचे फोटो यांवर भर द्यावा लागतो. फक्त स्टेजवरच्या तीनशे फोटोंनी काम होत नाही. लग्नाआधीचे आणि नंतरचे साधे फोटो जास्त बोलतात.

अरेंज मॅरेज असलं म्हणून काही बिघडत नाही. मुंबईतल्या अधिकाऱ्यांना ते नवीन नाही. पण ‘स्थळ कोणी आणलं, पहिल्यांदा कधी बोललात, लग्नाला कोण-कोण होतं, तो काय काम करतो, घरी कोण असतं’ यांची उत्तरं दोघांची जुळायला हवीत. ती पाठ करून जुळवायची नसतात. खरंच बोललेले असाल तर आपोआप जुळतात.

करोनाच्या काळात काही लग्नं व्हिडिओ कॉलवर लागली. असं लग्न अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात तेवढ्यावर धरलं जात नाही. लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर नसतील, तर त्यानंतर प्रत्यक्ष सहवास झाल्याचं दाखवावं लागतं.

नाव, दाखला, नोंदणी

फाइल अडकते ती बरेचदा प्रेमात नाही, नावात. आपली नावं लिहायची पद्धत आठवा : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि काही घरांत तांदळात नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतं. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, आधारवर तिसरं आणि पासपोर्टवर चौथं. घरातल्यांना ही एकच मुलगी आहे हे माहीत असतं. पण सातासमुद्रापारच्या कारकुनासाठी त्या चार बायका असतात.

लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. बदलायचंच असेल तर आधी ठरवा आणि मग सगळीकडे एकसारखं करा. हौसेने अर्ध्याच कागदांवर बदललेलं नाव पुढे प्रतिज्ञापत्रं करायला लावतं.

जन्मदाखल्याचंही तेच. जुन्या दाखल्यांवर कित्येकदा बाळाचं नावच नसतं, फक्त ‘मुलगी’ आणि आई-वडिलांची नावं. नाव घालून नवा दाखला काढायला महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधीच जावं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतर बरोबर असल्याचं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, भटजींचं पत्र म्हणजे नोंदणी नव्हे. विवाह निबंधकाकडचं प्रमाणपत्रच लागतं. त्यातही एक मेख आहे. हिंदू विवाह कायद्याखाली (यात बौद्ध, जैन, शीखही येतात) विधी झाले की नोंदणी लवकर होते. पण दोघांचे धर्म वेगळे असतील किंवा जोडीदार मूळचा परदेशी असेल, तर साधारणपणे १९५४चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटीस लागल्यावर पुन्हा ३० दिवस थांबावं लागतं. दोन आठवड्यांची रजा घेऊन आलेल्या अमेरिकन मुलाला किंवा मुलीला हे विमानतळावर उतरल्यावर कळलं, तर रजा संपते आणि लग्न राहतं. आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामाही फाइलमध्ये हवाच.

समलिंगी जोडप्यांसाठी चित्र आणखी वेगळं आहे. अमेरिकेत २०१३च्या विंडसर खटल्याच्या निकालानंतर अशा जोडीदारांनाही स्पॉन्सर करता येतं. पण लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर असावं लागतं. भारतात अशा लग्नाला कायद्याची मान्यता नाही आणि ती देण्यास सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३मध्ये नकार दिला. त्यामुळे अशा जोडप्यांना के-१चा मार्ग धरावा लागतो किंवा मान्यता असलेल्या देशात जाऊन लग्न करावं लागतं.

बीकेसीतली खिडकी

मुलाखतीआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते : छातीचा एक्स-रे, रक्त तपासणी, राहिलेल्या लसी. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडलं तर काही सुया वाचतात. तेव्हा आईला आजच विचारून ठेवा. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं.

मुलाखत खिडकीपाशी उभं राहून होते. बोटांचे ठसे, खरं बोलण्याची शपथ आणि प्रश्न. इंग्रजीच फाडफाड यायला हवं असं नाही, भारतीय भाषेतही उत्तरं देता येतात. बोलावणाऱ्याने सोबत असणं बंधनकारक नाही. त्यामुळे फाइल ज्याने सुरू केली तो हजारो मैल दूर आणि उत्तरं देणारे तुम्ही एकटे, असं अनेकांचं होतं. म्हणूनच फाइलमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असणं गरजेचं आहे. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाबद्दल खिडकीवर पहिल्यांदा कळावं, यासारखी वाईट वेळ नाही.

एखादा कागद कमी असेल तर ‘२२१(जी)’ची चिठ्ठी मिळते. याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. मागितलेली कागदपत्रं वर्षाच्या आत द्यायची असतात.

पण साफ नकार आला तर? बोलावणारा अमेरिकन नागरिक असला, तरी त्याच्या हातात फार काही उरत नाही. सँड्रा मुन्योझ या लॉस एंजेलिसच्या वकील. एल साल्वाडोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला गेला म्हणून त्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या. जून २०२४मध्ये कोर्टाने बहुमताने सांगितलं की, परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावं, असा नागरिकाला घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्यांच्या लग्नाला तेव्हा १४ वर्षं होत आली होती.

शंभर वर्षांपूर्वी तर नागरिकत्वच जायचं

हे कडक वाटत असेल तर थोडं मागे बघा. १९०७च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचंच नागरिकत्व जायचं. १९२२मध्ये हा नियम सैल झाला, पण नवरा अमेरिकन नागरिक होण्यास ‘अपात्र’ वंशाचा असेल तर सूट नव्हती. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना अपात्र ठरवलं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी कीटिंग दास जन्माने अमेरिकन होत्या, पण भारतीयाशी लग्न केल्यामुळे त्यांचं नागरिकत्व गेलं. नियम १९३१मध्ये बदलला आणि भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क १९४६मध्ये मिळाला. तोही वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह! म्हणजे लग्न दोघांचं असलं तरी त्यात तिसरं म्हणून सरकार आजचं नाही, जुनंच आहे.

पहिली दोन वर्षं

व्हिसा मिळाला, विमानतळावर शिक्का बसला. त्या क्षणी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील, तर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटींसह असतं. ही अट १९८६च्या कायद्याने आली. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ हा फॉर्म भरायचा आणि लग्न टिकून आहे हे पुन्हा दाखवायचं.

‘दोघांनी मिळून’ हे शब्द नीट वाचा. घरात सगळं ठीक असेल तर ही एक सही आहे. ठीक नसेल तर तीच सही धमकी बनते : ‘ऐकलं नाहीस तर सही करणार नाही, परत जावं लागेल.’ नव्या देशात, स्वतःचं बँक खातं नसताना, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात असताना ही धमकी खरी वाटते.

पण कायद्यात वाट आहे. लग्न मनापासून केलेलं होतं पण घटस्फोट झाला, किंवा छळ होत होता, असं दाखवता आलं तर एकट्यानेही हा फॉर्म भरता येतो. १९९४च्या कायद्याने तर नागरिकाकडून किंवा ग्रीन कार्डधारकाकडून छळ होणाऱ्या जोडीदाराला स्वतःच, त्याला न कळवता, ग्रीन कार्डसाठी पिटिशन करता येते. हा हक्क पुरुषांनाही आहे. लग्नाचा व्हिसा देताना हक्कांची माहिती देणारी पुस्तिका मिळते. ती सुटकेसच्या तळाशी टाकू नका. आणि सोडून दिलं, फसवलं अशी वेळ इकडे असतानाच आली, तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

एक नंबर मागा

हे वाचून कोणी प्रेमात पडू नये किंवा स्थळ नाकारावं, असं अजिबात नाही. दरवर्षी कितीतरी जोडपी याच वाटेने जातात आणि सुखाने नांदतात. पण ती वाट दोघांनी मिळून चालायची असेल, तर फाइलही दोघांना दिसायला हवी.

म्हणून तारीख काढण्याआधी चार गोष्टी मोकळेपणाने विचारा. तू नागरिक आहेस, ग्रीन कार्डवर आहेस की वर्क व्हिसावर? आधी लग्न झालं होतं का, आणि आधी कोणासाठी अर्ज केला होतास का? आय-८६४साठी उत्पन्न पुरतंय की जॉइंट स्पॉन्सर लागेल? मला तिथे गेल्यावर नोकरी करता येईल का, आणि कधी? हे विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. मुलाकडचे मुलीची पत्रिका, उंची आणि पोळ्या येतात का हे विचारतातच ना?

अर्ज भरला की यूएससीआयएस एक पावती पाठवतं. तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा नंबर असतो. तो सरकारी साइटवर टाकला की लॉगिन न करताही फाइल कुठे आहे ते दिसतं. अर्ज खरंच केलाय का, ‘अजून काही झालं नाही गं’ हे खरं आहे का, हे पुण्यात बसून आपलं आपल्याला कळतं. पावतीची आणि भरलेल्या सगळ्या फॉर्मची प्रत मागून घ्या. स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या ड्राइव्हमध्ये ठेवा. मूळ जन्मदाखला, डिग्री आणि पासपोर्ट कायम स्वतःच्या ताब्यात ठेवा, इथेही आणि तिथेही.

नेटफ्लिक्सचा पासवर्ड शेअर करणाऱ्याला तेरा खुणांचा एक नंबर शेअर करायला जड जाऊ नये. जड जात असेल, तर ते लग्नाच्या हॉलला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कळलेलं बरं.